तळ्याखाली काय आहे

बाबांनी तो प्रश्न विचारला तेव्हा मी मागे वळून पाहिलं नाही. वळलो असतो तर ते उठून गेले असते, अशी मला भीती वाटली.

"या पाण्याखाली काय आहे रे?"

१९९९चा ऑक्टोबर होता. दुपारचं ऊन टेबलाच्या पायापर्यंत आलं होतं आणि संगणकाच्या पडद्यावर माझा एकटा प्रवासी एका ओसाड दगडी नगरातल्या तळ्याकाठी उभा होता. संगणक माझ्या बहिणीचा. निवेदिता लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा तो माझ्या अभ्यासासाठी इथेच ठेवून गेली. मी मात्र अभ्यासापेक्षा त्या खेळातल्या नगरातच अधिक हिंडत असे. माणसांशी बोलताना माझे शब्द घशाशी अडतात. त्या नगरात बोलायला कुणी नव्हतंच.

"माहीत नाही, बाबा," मी म्हणालो. "आपल्या मशीनवर पाणी असंच दिसतं."

असंच म्हणजे निळं, सपाट, डिस्टेंपर लावलेल्या भिंतीसारखं. प्रवाशाने आत उडी घेतली की सबंध पडदा निळा होई, आणि थोड्या वेळाने त्याचा श्वास संपे.

"पण बनवणाऱ्याने खाली काहीतरी केलं असेलच ना?" एवढं बोलून बाबा चहाचा रिकामा कप घेऊन आत गेले.

मी बराच वेळ त्या निळ्या रंगाकडे बघत राहिलो. माझे वडील, अच्युत मिस्त्री, सव्वीस वर्षं कापड मिलच्या रिंग खात्यात, म्हणजे जिथे सूत कातलं जातं तिथे, फिटर होते. मिल बंद होऊन आठ वर्षं झाली होती. ते आजारी नव्हते, चिडतही नसत. काही विचारलं तर नीट उत्तर देत. फक्त स्वतः काही विचारणं त्यांनी सोडून दिलं होतं. मी परीक्षेत काय लिहिलं, शेजारी कोण राहायला आलं, कशाचंच त्यांना नवल उरलं नव्हतं. घरातला पंखा कुरकुरू लागला तेव्हा आईने बाहेरून माणूस बोलावला. तो पंखा खोलत होता तोवर बाबा खिडकीबाहेर बघत बसले. आठ वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. त्याचं उत्तर मिळालं नाही तर दुसरा येणार नाही, हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं.

स्नेहलतागंजात रजतचं दुकान होतं. तो माझा शाळेपासूनचा मित्र. सुटे भाग आणून संगणक जोडून विकायचा. बोलायचा भरभर, आणि माझ्या वाटचंही तोच बोलून टाकायचा.

"भिया, तुझ्या मशीनमध्ये पाणी नाहीच, पेंट आहे पेंट," तो म्हणाला. "थ्री-डी कार्ड टाक, मग बघ. पाणी एकदम आरपार."

"तू पाहिलंयस? तळाशी काय आहे?"

"मी कशाला बघू? मी गोळ्या चालवतो. तळं बघत बसणारा साऱ्या इंदूरमध्ये तू एकटा."

"दोघं आहोत," मी म्हणालो. "बाबांनी विचारलंय."

रजतचे काकाही त्याच मिलमधून घरी बसले होते. मग त्याने काउंटरखालून एक खोका काढला.

"हे देपालपूरच्या सेठजींचं आहे. दसऱ्याच्या शामला त्यांच्या मशीनमध्ये बसवायचंय. तोपर्यंत ने. पण एक खरोंच जरी आली ना, तर सेठजी मला तिथल्या मंडीत तोलून विकतील."

अष्टमीच्या संध्याकाळी मी संगणकाच्या बाजूचा पत्रा काढला. आतलं जग मी प्रथमच पाहत होतो: हिरव्या पटावर सोनेरी रेषांचे रस्ते, चौक, बुटक्या काळ्या इमारती, आणि एका कडेला पांढरी, अरुंद, रिकामी खाच. कार्ड तिथेच बसायचं होतं. एवढ्यात वीज गेली. मी कार्ड खोक्यासकट कपाटात ठेवलं, पत्रा भिंतीला टेकवला आणि उजाडायची वाट पाहायचं ठरवलं.

सकाळी अंघोळ करून आलो तर घरात उदबत्तीचा वास. खंडेनवमी होती, आणि आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा असते. पाटावर बाबांचे पेचकस आणि नट आवळायचे पाने ओळीने मांडलेले, शेजारी आईचं शिवणयंत्र, आणि त्याच्या शेजारी माझा संगणक. हिरव्या पटावर कुंकवाची बोटं उमटली होती. आतल्या छोट्या पंख्यावर झेंडूचं फूल होतं. सोनेरी रस्त्यांवर अक्षता विखुरल्या होत्या.

"आई! हे काय केलंस?"

"काय म्हणजे?" आई निरांजन खाली ठेवत म्हणाली. "तूच तर पूजेसाठी खोलून ठेवला होतास."

"पूजेसाठी?"

"मग! मिलमध्ये झाकणं काढूनच तर पूजा व्हायची. वरच्या पत्र्याला कुंकू लावून काय फायदा? काम तर आतला करतो. यांना विचार."

"बरोबर आहे तिचं," बाबा खाटेवरून म्हणाले.

बरोबरच होतं. त्या एका दिवशी मिलमध्ये घरच्यांना जाऊ देत. मी लहान असताना बाबांच्या खांद्यावर बसून ते खातं पाहिलं होतं: सूत गुंडाळणाऱ्या शेकडो चात्या स्तब्ध, झाकणं उतरवलेली, प्रत्येक दातेरी चाकावर कुंकवाचा ठिपका, आणि कापसाचे तंतू हवेत तरंगताना दिसावेत एवढी शांतता. यंत्राच्या पोटात पाहायला मिळालं म्हणून मी किती हरखलो होतो, हे मी विसरून गेलो होतो. आई विसरली नव्हती.

मी मऊ ब्रशने कुंकू झाडलं, चिमट्याने अक्षता वेचल्या. पण आज यंत्राला विश्रांती, आज चालू करायचा नाही, असं आईने बजावलं. त्या दिवशी कार्ड खोक्यातच राहिलं आणि माझे दोन दिवस निम्म्यावर आले.

दसऱ्याच्या सकाळी मी कार्ड खाचेत दाबलं, स्क्रू लावला, बटण दाबलं. पडदा काळाच. आतून एक लांब शिट्टी आली, मग दोन आखूड. बंद करून पुन्हा लावला. एक लांब, दोन आखूड. तिसऱ्यांदाही तेच. सेठजींचं कोरं कार्ड, आणि बाबांचं ते एक वाक्य, दोन्ही माझ्या हातून एकदमच गेली असं मला वाटलं.

"हा आवाज काय सांगतो?"

बाबा माझ्या मागे उभे होते.

"म्हणतो, कार्ड सापडत नाही."

"सापडत नाही कसं? समोर तर आहे." ते उघड्या पेटीपाशी उकिडवे बसले. किती वेळ नुसतं पाहत होते. मग हात मागे करून म्हणाले, "दोरा दे."

आईने शिवणयंत्रावरच्या रिळाचा हातभर दोरा तोडून दिला. बाबांनी तो दोन्ही हातांच्या चिमटीत ताणला, कार्डाच्या वरच्या कडेला लावला आणि एक डोळा मिटून पातळी पाहिली. त्यांचे हात जराही हलले नाहीत.

"मागून वर आहे. अर्ध्या सुताने."

अर्धं सूत म्हणजे इंचाचा सोळावा भाग. मला काहीच दिसत नव्हतं.

"साठ-साठ फुटांची फ्रेम आम्ही अशाच दोऱ्यावर सरळ करत असू," ते म्हणाले. "दोरा खोटं बोलत नाही. खाली काहीतरी अडकलंय. स्क्रू काढायला हवा." त्यांचा हात पाटावरच्या पेचकसाकडे गेला.

"अहो, उत्तरपूजा व्हायची आहे," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

हात तिथेच थांबला. आता ते उठतील, खाटेवर जाऊन बसतील, आणि मग सारं पुन्हा आठ वर्षांसारखंच होईल. आई दारात येऊन उभी राहिली, पुरीच्या पिठाने भरलेले हात तसेच. तिने त्या थांबलेल्या हाताकडे पाहिलं. मग हात धुऊन आली, अवजारांवर चार अक्षता टाकल्या, पाट बोटभर सरकवला.

"घ्या. झाली."

"एवढ्यात?"

"देवाला घाई समजते."

बाबांनी कार्ड काढलं. खाचेच्या अगदी तळाशी, मागच्या टोकाला, त्यांनी शिवणाची सुई घातली आणि अलगद वर आणली. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा अर्धा दाणा त्यांच्या तळहातावर पडला.

"मी तर जराशाच टाकल्या होत्या," आई म्हणाली.

"जराशाच पुरल्या," बाबा म्हणाले, आणि हसले.

या वेळी एकच छोटी शिट्टी वाजली. पडदा उजळला. रजतने दिलेल्या सीडीवरून कार्डाची आज्ञावली चढवून मी खेळ सुरू केला आणि प्रवाशाला तळ्याकाठी नेलं. भिंत गेली होती. पाणी हलत होतं. त्यात आकाश होतं, आणि आकाशाच्या खाली, हिरवट अंधारात, पायऱ्या.

बाबा पडद्याकडे वाकले.

"पायऱ्या आहेत," ते म्हणाले. "म्हणजे आधी इथे पाणी नव्हतं. पाण्यात कोण पायऱ्या बांधेल? लोक जात-येत असतील खाली." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "पाणी नंतर भरलंय."

आम्ही उतरलो. अकराव्या पायरीवर श्वास संपला. पुन्हा उतरलो, या वेळी बाबांना डावीकडची कोरीव भिंत पाहायची होती, त्यात श्वास गेला. पुन्हा. प्रत्येक खेपेला ते काहीतरी विचारत: हा खांब वरच्या खांबाच्या सरळ रेषेत आहे का, दगड सारखेच का दिसतात, हा उजेड कुठून येतो. पुऱ्या आम्ही पडद्यासमोरच खाल्ल्या. पायऱ्या कुठे संपतात ते मात्र काही केल्या दिसलं नाही. चार वाजता बाबांनी स्वतः कार्ड काढलं, फुंकर घालून खोक्यात ठेवलं.

"एकही खरोंच नाही," दुकानात रजतने ते उजेडात धरून पाहिलं. "मिळालं काय खाली?"

"पायऱ्या."

"आणि पायऱ्यांच्या खाली?"

"माहीत नाही. श्वास पुरत नाही."

"अरे यार," तो म्हणाला, "आता मलापण चैन पडणार नाही."

मी घरी परतलो तेव्हा दिवे लागत होते. वाटभर मी मनाशी तयारी केली होती: बाबा खाटेवर असतील, खिडकीकडे तोंड करून. ते माझ्या खुर्चीवर होते. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीने पायऱ्या, खांब, भिंती काढल्या होत्या, प्रत्येकीवर आकडे.

"बाबा, आता पुन्हा नुसतं निळंच दिसेल."

"दिसू दे. आपण सकाळी बघत बघत उतरलो, त्यात श्वास गेला. आता बघायला काही नाही. सरळ उतर. कोपऱ्यातल्या खांबापासून तीन पावलं, मग उडी."

मी उडी घेतली. सबंध पडदा निळा झाला.

"डावीकडे. थोडं. आता खाली." त्यांचं बोट कागदावर सरकत होतं. "सात. आठ. इथे भिंत लागेल, उजवीकडे हो. अकरा. बारा. बारावी सकाळी नव्हती मिळाली. चल."

श्वासाची पट्टी निम्म्यावर आली. सतरा. अठरा. मग प्रवासी कशावर तरी आदळला, आणि आवाज आला तो दगडाचा नव्हता. जड, पोकळ, लाकडाचा होता.

बाबांनी बोट उचललं.

"दार आहे," मी म्हणालो.

"हो." ते त्या निळ्या पडद्याकडे असे पाहत होते की जणू त्यांना फळ्यांमधल्या चिरासुद्धा दिसत होत्या. "पण पाण्याचा एवढा दाब असताना ते उघडेल कुठल्या बाजूला? आत की बाहेर?"