चौथी मूठ

"तीन मुठी खोबरं," बायको म्हणाली.

"मूठ म्हणजे किती ग्रॅम?"

"मूठ म्हणजे मूठ. अहो, मुठीला कुठे ग्रॅम असतात?"

"असतात. सगळ्यालाच असतात," काटेवाला म्हणाला आणि त्यानं ओट्यावरची परात सरकवून आपला छोटा काटा मांडला. पितळी पारडं फडक्यानं पुसलं. काटा शून्यावर थरथरला, थांबला. मगच त्याच्या जिवाला स्वस्थता आली.

चाळीस वर्षं त्यानं वजनकाटे दुरुस्त केले होते. सोनाराचा गुंजेला जागणारा काटा, वखारीतला माणसाएवढा काटा, दवाखान्यातला बाळांचा काटा, सगळे त्याच्या हाताखालून गेलेले. गल्लीत त्याचं नावच काटेवाला पडलं होतं आणि बायको काटेवालीणबाई. ती मात्र उभ्या जन्मात कधी काही मोजून शिजवणारी नव्हती. मीठ चिमटीनं, तांदूळ ओंजळीनं, तेल धारेनं. तो चिडवायचा, "माझ्या घरातच बेहिशेबी माल." ती म्हणायची, "आणि रोज दोनदा मागून घेता तो कुठला?"

ते दिवस सरले होते. पावणेपाच महिन्यांपूर्वी तिला ताप आला. पाच आठवडे अंथरुणाला खिळून होती. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला आणि वासाच्या बोटाला धरून चवही गेली. खारट-आंबट तेवढं जिभेला कळायचं, तेही भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसं. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, वाट बघा. तिनं दोन महिने वाट बघितली, आणि एके दिवशी कालथा त्याच्या हातात दिला. "वास नसला तर मी कशाच्या जोरावर शिजवू? आंधळ्यानं सुई ओवायची म्हणजे." तेव्हापासून स्वयंपाक तो करायचा. ग्रॅममध्ये. पोट भरायचं, इतकंच.

पण आजची गोष्ट वेगळी होती. दुपारच्या गाडीनं तिची थोरली बहीण येणार होती. थोरली आता मुलाकडे चालली होती, कायमची, समुद्रापलीकडे. फोनवर म्हणाली होती, "जायच्या आधी एकदा आईची भाजी खाऊ घाल. मला मेली कधी जमलीच नाही. ती तुझ्याच हाताला आहे."

दोघींची आई लग्न होऊन दूर दक्षिणेकडून आलेली. येताना पेटीत दोन लुगडी होती आणि डोक्यात ही भाजी. सात भाज्या, ओलं खोबरं, हिरवी मिरची, जिरं, वरून कढीलिंब आणि कच्चं खोबरेल. आईनं ती कुठे लिहून ठेवली नाही, धाकटीनंही नाही. हातातून हातात आली, जात्यावरच्या ओवीसारखी.

थोरलीला तापाचं ठाऊक होतं. वासाचं नव्हतं.

"तिला सांगायचं नाही," बायकोनं काल बजावलं होतं. "ती जाता जाता हेच गाठोडं बांधून नेईल. आणि भाजी मी केली असंच सांगायचं."

"मला खोटं बोलता येत नाही."

"तुम्हाला गप्प बसता येतं. चाळीस वर्षं बघतेय."

म्हणून आज सकाळपासून तो गॅसपाशी आणि ती दाराजवळच्या स्टुलावर. भोपळा, गाजर, घेवडा, सुरण, कच्चं केळं, पडवळ, शेवग्याच्या शेंगा. सगळं बोटाएवढं चिरलेलं. त्यानं पट्टी लावली नव्हती, पण लावल्यासारखंच चिरलं होतं. ती बघून म्हणाली, "भाजी आहे, शाळेची कवायत नाही." तरी तिला ते आवडलं होतं, कारण पुढे काही बोलली नाही.

"घाल मूठ," तो म्हणाला. "तुझ्या हातानं घाल. मी वजन घेतो."

ती उठली. खवलेल्या खोबऱ्यात तिनं हात घातला, मूठ भरली, पारड्यात रिती केली. काटा सरकला.

एकोणतीस.

काटेवाल्यानं डोळे बारीक केले. नवंनवं लग्न झालं तेव्हा एकदा गमतीत त्यानं तिच्या मुठीचं वजन घेतलं होतं. दुकानात बसून, असंच ओलं खोबरं. चाळीस ग्रॅम भरलं होतं. नंतर कित्येक वर्षं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आमच्या घरची मूठ चाळीसची, छाप मारलेली. त्याला वाटलं काटा हलला असेल. त्यानं खोबरं वाटीत काढलं, खणातलं पन्नासचं वजन पारड्यात ठेवलं. काटा बरोबर पन्नासावर जाऊन उभा राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. काटा तपासला."

"बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

दुसरी मूठ अठ्ठावीस. तिसरी एकोणतीस. आईची भाजी मुठीवर बेतलेली होती, आणि मूठ तापानं झिजली होती. ते त्यानं मनातल्या मनात मांडलं आणि पुसून टाकलं. मग तिच्या पाठीमागून हात घालून त्यानं परातीतलं आणखी खोबरं उचललं.

"ही चौथी कशाला?" ती न वळता म्हणाली.

"खोबरं जुनं वाटतंय. रस कमी आहे."

"कालच फोडलं तुम्ही."

 तिनं आपला हात उघडला, बघितला. बोटांना खोबऱ्याचे पांढरे कण लागले होते आणि अंगठी सांध्याशी सैल झाली होती. तिनं हात पदराला पुसला. "बरं," ती म्हणाली. "चार तर चार. वाटा आता. बारीक नको, रवाळ ठेवा."

भाज्या शिजल्या. चिंचेचा कोळ पडला, वाटण पडलं. आणि तिथेच गाडी अडली.

"आता खोबऱ्याचा कच्चा वास जाईपर्यंत ठेवायचं," ती म्हणाली. "गेला की लगेच उतरवायचं. नाहीतर खोबरं तेल सोडतं."

"म्हणजे किती मिनिटं?"

"मिनिटं नाही. वास."

दोघं पातेल्याकडे बघत राहिले. तिला ठाऊक होतं काय शोधायचं, पण शोधायला नाक नव्हतं. त्याच्यापाशी नाक होतं, पण काय शोधायचं ते ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं जेवला होता तो ही भाजी. वास कधी आला, कधी गेला, त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"कसा येतोय?"

त्यानं वाकून हुंगलं. "चांगला."

"चांगला म्हणजे कसला? गिऱ्हाइकाला सांगता का, तुमचं वजन चांगलं आहे म्हणून?"

काटेवाला वरमला. पुन्हा वाकला. वाफेनं चष्मा धुरकटला, तो काढून त्यानं खिशात ठेवला. डोळे मिटले. "ओलं फडकं," तो म्हणाला. "न पिळता वाळत घातलेलं. त्यात मिरची."

"कच्चं आहे. राहू द्या."

थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "आता?"

"आता फडकं वाळत आलंय." त्याला स्वतःचंच हसू आलं. "जिरं पुढे आलंय. पाऊस पडून गेल्यावर अंगणाचा वास येतो तसं काहीतरी."

"अजून थोडं. हलवू नका, नुसतं पातेलं गदगदवा."

त्यानं फडक्यानं काठ धरून पातेलं गदगदवलं. बुडबुडे आले, फुटले. रस्त्यावरून हातगाडीवाला ओरडत गेला. तो हुंगत राहिला, आणि एकाएकी पातेलं गदगदवणारे त्याचे हात थबकले.

"काय? करपलं का?"

"नाही गं." त्याचा आवाज खाली आला. "आपली पोर लहान होती तेव्हा तिच्या टाळूला तू तेल घालायचीस. मग ती झोपायची, आणि मी दुकानातून आलो की दार उघडल्यावर खोलीत जो वास असायचा, तो."

 बायकोच्या नाकपुड्या हलल्या, सवयीनं. मग म्हणाली, "उतरवा."

त्यानं पातेलं उतरवलं. कढीलिंबाची पानं चुरडून टाकली, कच्च्या खोबरेलाची धार सोडली, झाकण ठेवलं. "किती तेल घातलंत?" तिनं विचारलं. "बघितलं नाही," काटेवाला म्हणाला, आणि दोघांनाही त्याचं नवल वाटलं.

थोरली आली ती बोलतच आली. गाडी कशी रडत आली, शेजारच्या बाईनं खांद्यावर डोकं टाकून कशी झोप काढली, मुलानं पाठवलेल्या स्वेटरमध्ये आपण कशा अस्वलासारख्या दिसतो. बहिणीचा दंड चाचपून म्हणाली, "काय गं, निम्मी उरलीस. आणि भाऊजी तुम्ही, हिच्या वाटणीचंही तुम्हीच खाता वाटतं." काटेवाला हसला आणि ठरल्याप्रमाणे गप्प बसला.

पहिला घास घेतल्यावर मात्र थोरलीचं बोलणं थांबलं. तिनं दुसरा घेतला. बायको तिच्या तोंडाकडे बघत होती, निकाल लागायच्या आधी पोरं भिंतीकडे बघतात तशी. काटेवाला ताटातल्या भाताकडे.

"जमलीय," थोरली म्हणाली. "जमलीय गं बाई. अजून आहे का?"

"आहे की. गरमच ठेवलीय." बायको उठली. इतकी हलकी उठली की काटेवाल्याला ती तापाच्या आधीची वाटली. "तुम्ही तेवढं पाणी आणा हो माठातलं," जाता जाता म्हणाली. तो तांब्या घेऊन मागच्या अंगणात गेला. आणि तीच चूक झाली. पातेलं आचेवर असताना काटेवाल्यानं त्याच्याजवळून आपलं नाक हलवायचं नाही, हे त्या घरात गेले तीन महिने ठरलेलं होतं. आजच्या आनंदात दोघंही ते विसरले.

थोरलीला बसल्या जागी वास आला. आधी वाटलं शेजारी काही लागलं असेल. मग तो दाट झाला, कडवट झाला. तिनं हाक मारली, "अगं, लागतंय ना तुझं." उत्तर आलं, "आणतेय, आणतेय." ती उष्ट्या हातानं उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली.

बहीण पातेल्यावर वाकली होती. अगदी नाक लावून. वरवरची भाजी डावानं निगुतीनं वाडग्यात काढत होती, शेवग्याची शेंग मोडू नये म्हणून जपत होती. आणि तिच्या चेहऱ्याखालून, पातेल्याच्या बुडातून, निळसर धूर निघत होता.

थोरलीनं पुढे होऊन गॅस बंद केला. बराच वेळ ती बहिणीकडे बघत राहिली. बहिणीनं आधी बटणाकडे बघितलं, मग धुराकडे.

"कधीपासून?"

"तापापासून."

"आणि ही भाजी?"

"यांनी केली. मी सांगितली."

काटेवाला तांब्या घेऊन मागच्या दारात येऊन उभा राहिला. काय झालं ते त्याला वासावरूनच कळलं. बायको त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तू रडायचं नाहीस हं, अक्का. म्हणूनच सांगितलं नव्हतं."

"रडतेय कोण? धूर आहे." थोरलीनं कोपरानं डोळे पुसले. "आणि चिंच का घातलीस? आई दही घालायची."

"चिंच."

"दही. आंबट दही, आदल्या दिवसाचं. मी आणायला जायचे ना कोपऱ्यावर."

"ते कढीचं. भाजीत चिंचच."

"तुला काय..." थोरली थांबली.

"बोल की. मला काय कळतंय आता. चिंच का दही, तुझ्याच जिभेवर आहे. ती घेऊन तू चाललीस."

हे ती भांडायला म्हणाली नव्हती. कुणी हरवलेल्या वस्तूचा पत्ता सांगावा, तसं म्हणाली. स्वयंपाकघरात धूर हळूहळू खिडकीशी जाऊन विरत होता.  थोरलीनं ओट्यावरचा कालथा घेतला आणि पातेलं कलतं करून बुडाशी लागलेलं खरवडायला लागली. करंकरं आवाज झाला. काळपट-तांबडी, खोबऱ्यानं धरलेली खरवड सुटून वर आली.

"आठवतं? यावर आपण भांडायचो."

"तू मोठा तुकडा लाटायचीस."

"मी थोरली होते." तिनं खरवडीचे दोन तुकडे केले. एकमेकांशेजारी धरून बघितले. एक जरा मोठा झाला होता, त्यातलं कोपऱ्यावरचं तिनं मोडून दुसऱ्यावर ठेवलं. मग तो तुकडा बहिणीच्या तळहातावर दिला. काटेवाल्याला तिथूनही दिसत होतं की वाटणी बरोबर नव्हती. बहिणीकडचं जास्त होतं.

दोघी जमिनीवर बसल्या, ओट्याला पाठ टेकून, पाय पसरून. बायकोनं तुकडा दाताखाली धरला. करकर आवाज झाला. ती थांबली, पुन्हा चावली. जिभेला काही कळत नव्हतं, पण दाताला कळत होतं, कानाला कळत होतं.

"वास कसला येतोय?" तिनं विचारलं.

"करपलेला. दुसरा कसला?"

"खोबरं आहे का त्यात?"

थोरलीनं आपला तुकडा नाकाशी नेला. "आहे. मागे, लांब कुठेतरी."

बायकोनं मान हलवली आणि डोळे मिटून सावकाश चावत राहिली. काटेवाला दारातच उभा होता. तांब्यातलं पाणी पायावर सांडत होतं, आणि त्या घरात बराच वेळ दोन म्हाताऱ्यांच्या दातांखाली खरवड मोडल्याचा तेवढा आवाज येत राहिला.