ब्रायडीच्या पाठीवरचा पंप

मित्रांनो, मी पंप आहे आणि आता बराच जुना झालो आहे. विहिरीतून पाणी ओढणारा नव्हे, सायकलीत हवा भरणाराही नव्हे. मी जेवणाच्या डब्याएवढा लहान आहे. ज्या मुलांना तोंडाने जेवता येत नाही, त्यांच्या पोटात नळीवाटे दूध पोचवायचं, थेंब थेंब, न सांडता, न घाई करता, एवढंच माझं काम. मला पाहून लोक चुकचुकतात. त्या चुकचुकण्याचा मला भारी राग येतो. कुणाचा चष्मा पाहून तुम्ही चुकचुकता का?

कारखान्यात मला तीन दिवस नुसतं पाण्यावर चालवून पाहिलं आणि मग ऑस्ट्रेलियाच्या खालच्या टोकाला, टास्मानिया बेटावर धाडलं. तिथे आधी मी पर्ल नावाच्या मुलीकडे होतो. तिच्या घशाचे स्नायूच काम करत नसत, पण मला पाठीवर टाकून ती झाडावर चढायची. तिने माझ्या अंगावर पेंग्विनची चित्रं चिकटवली आणि माझं नाव 'गुरगुऱ्या' ठेवलं. माझ्यामुळे तिचे गाल भरले. ते दिवस आठवले की अजूनही माझी मान ताठ होते. पुढे तिला नवं यंत्र मिळालं आणि मी ब्रायडीकडे आलो.

ब्रायडी तेव्हा सहा वर्षांची होती. सफरचंदांच्या बागांच्या एका छोट्या गावात ती आईबरोबर राहायची. आईचं नाव जनेल. ब्रायडी सातव्या महिन्यात जन्मली होती आणि पहिलं वर्षभर तिला नळीची गरज खरोखर होती. नंतर उरली नाही. हे फक्त जनेलला ठाऊक होतं, आणि पंधरा दिवसांत मलाही कळलं.

जनेल मला रोज अर्ध्यावर थांबवायची आणि उरलेलं दूध मोरीत ओतायची. मी ओरडायचो. मला एकच शब्द येतो, 'टीं टीं', आणि काम अर्धवट राहिलं की मी तो जीव तोडून म्हणतो. ती बटण दाबून माझं तोंड बंद करायची. मग दवाखान्यात डॉक्टरांपुढे डोळे पुसत सांगायची, "सगळं दूध देते हो. पण पोरगी ओकून टाकते, अंगी काही लागत नाही." ब्रायडी शेजारच्या खुर्चीवर बसलेली असायची. तिला कोणी काही विचारत नसे.

जनेल असं का करायची, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. एरवी गावात तिला कोणी विचारत नव्हतं. पण आजारी मुलीची आई म्हणून दुकानातली रांग तिच्यासाठी बाजूला व्हायची, बायका तिचा हात हातात घ्यायच्या. तिला ते हवं होतं, आणि त्यासाठी लेक आजारी असावी लागत होती. तुम्ही विचाराल, मला तिची कीव येते का? नाही येत.

ब्रायडी अकरा वर्षांची झाली त्या एप्रिलची गोष्ट. सफरचंदं उतरवण्याचे दिवस होते. घरामागच्या बागेत गवतात पडलेलं एक लाल सफरचंद तिने उचललं, फ्रॉकला पुसलं आणि चावलं. सगळं खाल्लं, देठ तेवढा उरला. मग झाडाला टेकून ती मरायची वाट पाहत बसली, कारण तोंडातून काही गेलं तर आपण गुदमरून मरू, हेच तिला लहानपणापासून सांगितलं होतं. मीही तिच्या पाठीवर श्वास रोखून बसलो. पाऊण तास झाला. एक मेंढी येऊन देठ खाऊन गेली. बाकी काहीच झालं नाही.

ती धावत घरी आली. "आई, मी सफरचंद खाल्लं! मला काहीच झालं नाही."

जनेलने तिला पोटाशी धरलं आणि रडायला लागली. "पुन्हा असं करू नकोस गं राणी. जीव घेशील माझा."

सोमवारी तिने डॉक्टरांना सांगितलं की सफरचंद खाऊन मुलीचे ओठ निळे पडले. साफ खोटं! मी तिथेच होतो. ओठ निळे नव्हते, चिकट झाले होते. पण डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं. आता नळी पोटाच्याही पुढे, थेट आतड्यात जाणार होती आणि त्यानंतर तोंडाने पाण्याचा घोटही घ्यायचा नव्हता. शाळाही सुटणार होती.

ब्रायडी मावशीकडे गेली. जनेलची मोठी बहीण, नोरीन. स्वभावाने चांगली, पण हुकूम सोडल्यासारखी बोलणारी.

"मावशी, मला गिळता येतं."

"काहीतरीच! आई तुझ्यासाठी किती झिजते बघतेस ना? तिला आणखी त्रास देऊ नकोस."

वर्गातल्या बाईंना सांगितलं, तर त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि जनेललाच फोन केला. त्यानंतर ब्रायडीने सांगणं बंद केलं. खाणं मात्र बंद केलं नाही. सफरचंदांच्या पेट्या ठेवायच्या शेडमागे लपून ती पावाच्या कडा, चीजचे तुकडे, बटाट्याच्या काचऱ्या खायची. आधी घास तोंडातच घोळायचा, कारण इतक्या वर्षांत चावायची सवयच नव्हती. नंतर जमायला लागलं. त्या चोरीत मी सामील होतो आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी नोरीनने गावच्या हॉलवर दुपारचा चहा ठेवला. दारावर कागद लावला: 'ब्रायडीला शुभेच्छा द्यायला या. येताना प्लेट आणा.' इथे प्लेट आणा म्हणजे घरी काहीतरी करून ती भरून आणा. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. टेबल वाकेल इतकं खाणं आलं. चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक, सॉसेज रोल, सफरचंदाचं सारण भरून भाजलेले ॲपल पाय, लोणी लावलेले स्कोन नावाचे मऊ पाव. जिला खाता येत नाही असं सांगितलं होतं, तिच्यासाठी अख्ख्या गावाने रांधलं होतं, आणि त्यात कोणाला काही खटकलं नाही. टेबलाच्या टोकाशी ब्रायडी बसली होती, पाठीवर मी.

तेवढ्यात मारिसेल आली. ती गावची नवी नर्स. फिलिपिन्सहून येऊन तिला तीनच आठवडे झाले होते. तिच्या दोन्ही हातांत एक फुलाफुलांची प्लेट होती. रिकामी.

"ही घ्या," ती म्हणाली. "मला वाटलं तुमच्याकडे प्लेटा कमी पडत असतील. धुऊन आणलीय."

हॉल खदखदून हसला. हसून हसून नोरीनच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं बाई, भरलेली आणायची असते!"

मारिसेल लाजून लाल झाली. "मग आता हिचं काय करू?"

"मला द्या," ब्रायडी म्हणाली.

तिने प्लेट घेतली आणि भरायला लागली. एक लॅमिंग्टन, एक सॉसेज रोल, ॲपल पायचा मोठा तुकडा. हसणं थांबलं.

"ब्रायडी, ठेव ते," जनेल म्हणाली. "ठेव म्हणते ना! गुदमरेल ती, कोणीतरी काढून घ्या तिच्याकडून."

"सिस्टर, तुम्ही नर्स आहात ना?" ब्रायडीने विचारलं. "मग माझ्या ओठांकडे बघा. निळे पडले तर सांगा."

आणि तिने लॅमिंग्टनचा घास घेतला. जनेल हात पुढे करून झेपावली, तशी मारिसेल मध्ये उभी राहिली. "थांबा. मी बघतेय," ती म्हणाली. मग ब्रायडीला, "हळू. नीट चाव."

ब्रायडीने चावलं आणि गिळलं. हनुवटीला खोबरं लागलं.

"आता ओकेल, बघा," जनेल म्हणाली. सगळे वाट पाहत राहिले. ब्रायडीने सॉसेज रोल संपवला आणि ॲपल पायचा तुकडा उचलला.

नोरीन खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. "कधीपासून येतं गं तुला?"

"मी तुला सांगितलं होतं, मावशी."



मारिसेलने विचारलं, "तुझं यंत्र बघू का मी?" ब्रायडीने मला तिच्या हातात दिलं. मारिसेल जनेलकडे वळली. "दूध रोज पूर्ण देता ना?"

"एक थेंब कमी नाही."

मित्रांनो, मी किती दूध दिलं ते मी विसरत नाही. माझं तोंड बंद करता येतं, आठवण बंद करता येत नाही. मारिसेलने दोन बटणं दाबली आणि मी आठवड्यामागून आठवडे तिच्यापुढे मांडले. रोज अर्धंच.

तिने आवाज चढवला नाही. "मला हे बालसंरक्षण खात्याला कळवावं लागेल. आजच."

"तू कोण गं सांगणारी?" जनेल म्हणाली. "प्लेट कशी आणतात तेसुद्धा कळत नाही तुला."

"ते नाही कळत," मारिसेल म्हणाली. "हे कळतं."

त्या दिवशी गावातले काही लोक जनेलवर नाही, मारिसेलवरच रागावले. रागावू देत. ऑपरेशन रद्द झालं. दवाखान्यात ब्रायडी दोन आठवडे डॉक्टरांसमोर जेवली आणि तिचं वजन वाढलं. कोर्टाने तिला मावशीकडे राहायला सांगितलं. आईला भेटता येतं, पण खोलीत तिसरं माणूस बसतं. ब्रायडी कधी आईसाठी रडते, कधी रागाने फाटकाला लाथ मारते. मला दोन्ही बरोबर वाटतं.

वर्षभराने तिची नळी काढली. मला परत करायला ती स्वतः दवाखान्यात आली. खिडकीतल्या बाईंनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "यंत्रात काही बिघाड?"

"नाही," ब्रायडी म्हणाली. "ते चांगलं आहे. मीही चांगलीच होते."

आता मी फळीवर आहे, पुढच्या मुलाची वाट पाहत. त्याला माझी खरी गरज असेल तर मी त्याचेही गाल भरून दाखवीन. नळीने जेवणारं मूल तुमच्या वर्गात आलं तर त्याला खेळायला घ्या. ते म्हणालं 'मला दुखतंय' तर ऐका, आणि 'मला काही होत नाही' म्हणालं तर तेही ऐका. आणि सांगणारे तुम्हीच असाल आणि कोणी ऐकत नसेल, तर दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगा, मग तिसऱ्याला. ब्रायडीचं चौथ्या माणसाने ऐकलं.