पंखावरचा नंबर

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी साडेदहाला डेरेक हेप्वर्थ फोनवर बोलता बोलता गप्प झाला. ते ऐकून त्याची बायको ग्लेनिस पिठाच्या हातांनीच बाहेर आली. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस बोलायचा थांबलेला तिनं पाहिलाच नव्हता.

"किती म्हणालास?" डेरेकनं शेवटी विचारलं.

"महिन्याला एक्केचाळीस पौंड, मिस्टर हेप्वर्थ." फोन कंपनीचा कॉनर नावाचा पोरगा पलीकडून बोलत होता. "नवा फोन आणि छत्तीस महिन्यांचा करार."

"आणि तुमच्या दुकानाच्या काचेवर हाच फोन तेवीस पौंडांना लावलाय, तो काय शोभेला?"

"ती योजना नव्या ग्राहकांसाठी आहे."

"अरे बाबा, मी एकोणीस वर्षं तुमच्याकडे आहे! एक बिल चुकवलं नाही कधी!"

"त्याबद्दल आम्ही तुमचे आभारी आहोत."

डेरेकनं फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. आभारी म्हणे! काल आलेल्या उपटसुंभाला तेवीस, आणि एकोणीस वर्षं इमानानं पैसे भरणाऱ्याला अठरा पौंड जास्त. याला काय म्हणायचं? पण डेरेक तसा बिथरला नव्हता. उत्तर इंग्लंडातल्या बार्न्सलीत या खेळातला सगळ्यात मुरलेला गडी तोच. खेळ साधा होता. कंपनीला फोन करायचा, "चाललो मी" म्हणायचं. मग ते तुम्हाला एका वेगळ्या विभागाकडे देत. जाणाऱ्या गिऱ्हाइकाला धरून ठेवणं एवढंच त्या विभागाचं काम. तिथे सन्डरलंडची एक गोड आवाजाची बाई असायची. ती म्हणायची, "अहो, असं तडकाफडकी काय करता?" आणि भाव उतरायला लागायचा. कधी ती लगेच भेटायची नाही, पण आठवड्याभरात तिचा फोन यायचाच यायचा. एकदा तर डेरेकनं तिच्याकडून वर एक मनगटी घड्याळही उकळलं होतं. कबुतर क्लबातली अर्धी मंडळी आपले करार त्याच्याकडून करून घ्यायची. क्लबचा सेक्रेटरी ट्रेव्हर तर बियरचा ग्लास घेऊन शेजारी बसायचा आणि नाटक बघितल्यासारखा ऐकायचा.

तेव्हा डेरेकनं घसा साफ केला आणि ठेवणीतला आवाज काढला. "बंद करा मग माझं खातं. आजच्या आज."

"ठीक आहे. नंबर दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा असेल तर मी कोड देतो."

आता डेरेकचा एक नियम होता. समोरच्याला आपली गरज दिसता कामा नये. कोड मागितला की कळलं त्यांना, माणूस नंबराला चिकटलाय. तो बेफिकीर हसला आणि म्हणाला, "नंबरबिंबर काही नको मला. ठेवा तुमच्याकडेच, लोणचं घाला त्याचं!"

पलीकडे टकटक टाइप केल्याचा आवाज आला. डेरेक त्या गोड आवाजाच्या बाईची वाट बघत उभा राहिला.

"झालं," कॉनर म्हणाला. "बावीस जूनला तुमची सेवा बंद होईल. आणखी काही मदत करू?"

"झालं म्हणजे?"

"झालं, मिस्टर हेप्वर्थ. तुमचा दिवस छान जावो."

डेरेक तसाच उभा. ग्लेनिसनं विचारलं, "काय रे, काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "आता ते फोन करतील. बघच तू."

खरी मेख अशी होती की तो नंबर डेरेकच्या नुसत्या फोनवर नव्हता, त्याच्या चौतीस कबुतरांच्या पंखांवर होता. शर्यतीची कबुतरं पाळणारा माणूस पंखाच्या आतल्या पिसांवर रबरी शिक्क्यानं आपला फोन नंबर उमटवतो. पाखरू वाट चुकलं, दमून कुणाच्या परसात उतरलं, तर ज्याला सापडेल त्यानं पंख उघडून नंबर वाचावा आणि मालकाला कळवावं. अशा फोनावरून डेरेकनं कुठून कुठून पाखरं आणली होती! एकदा तर मासे पकडायच्या बोटीवरून आणलं होतं.

आणि जूनच्या चौदा तारखेला डॉली हरवली.

डॉली म्हणजे निळसर राखाडी रंगाची, चार वर्षांची मादी. अंड्यातून बाहेर आली तेव्हा आईबापांनी टाकली होती. डेरेकनं तिला चमच्यानं लापशी भरवून, कोटाच्या आतल्या खिशात ऊब देऊन जगवली. तीन शर्यती जिंकली होती ती, पण ते राहू दे. कबुतरखान्यात तो शिरला की इतर तेहतीस दाण्याकडे धावायची आणि ही त्याच्या खांद्यावर येऊन बसायची. त्याचा जीव होता तिच्यात. दक्षिण किनाऱ्यावर ईस्टबोर्नहून त्या शनिवारी सोडलेली बाकीची सगळी पाखरं दुपारपर्यंत आली. डॉली आली नाही. रविवारी आली नाही. सोमवारी क्लबात कुणीतरी म्हणालं की केंटच्या बाजूला ससाण्यांनी पाखरांचा थवा फोडला म्हणे.

ग्लेनिसनं त्याच्यापुढे चहा ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. ती बसली म्हणजे विषय साधा नसायचा.

"डेरेक, त्या लोकांना फोन कर आणि सांग, राहतो म्हणून."

"आत्ता? आत्ताच तर त्यांना घाम फुटला असेल. आता मी फोन केला की गेलं सगळं मुसळ केरात."

"कुणाला घाम फुटलाय? तीन आठवडे झाले, एक फोन नाही. डॉलीच्या पंखावर तो नंबर आहे, बाबा. बाकीच्यांवर नवा शिक्का मारशील. तिच्यावर कसा मारणार?"

"अगं, बावीस तारखेपर्यंत चालू आहे ना? शेवटच्या दिवशी करतात ते. मुद्दाम. माणसाचा दम बघतात."

"अठरा पौंडांसाठी चाललंय हे?"

"अठरा पौंडांचा प्रश्न नाही!" डेरेक ओरडला. "एकोणीस वर्षांचा प्रश्न आहे!"

बावीस तारखेला, रविवारी, ग्लेनिसनं मात्र गुपचूप कंपनीला फोन लावला. खातं तुमच्या नावावर नाही, म्हणून त्यांनी बोलायलाच नकार दिला. मग तिनं डेरेकचा फोन त्याच्या ताटाशेजारी आणून ठेवला. "शेवटचं सांगते," म्हणाली. डेरेकनं ग्रेव्हीत बटाटा बुडवला आणि फोनकडे बघत बसला. तो वाजणार याची त्याला खात्री होती. तुम्ही-आम्ही त्या टेबलावर असतो तर त्याच्या मुस्कटात मारली असती, पण बायको होती ती, उठून भांडी घासायला गेली.

सोमवारी सकाळी फोनवर "सेवा नाही" असं आलं. तरी त्यानं तीन दिवस काढले! हीसुद्धा त्यांची दाबून धरायची रीत असेल, असं त्यानं स्वतःला बजावलं. गुरुवारी मात्र टोपी घालून तो गावातल्या कंपनीच्या दुकानात गेला. गल्ल्यावर शॅनन नावाची मुलगी होती.

"पोरी, मला त्या जाणाऱ्यांना थांबवणाऱ्या विभागाशी बोलायचंय. सन्डरलंडचा."

"तो?" शॅनन म्हणाली. "तो बंद केला की मागच्या ऑक्टोबरात. सगळ्यांना घरी पाठवलं. माझी मावशी होती त्यात."

"बंद केला?"

"हो ना. सोडून जाणारा जाऊ दे, असं ठरलंय वरती. थांबवण्यातच जास्त पैसे जातात म्हणे."

डेरेकनं गल्ल्याची कड धरली. "म्हणजे मला कुणी फोन करणारच नव्हतं?"

"कोण करणार, काका? माणसंच नाहीत."

आठ महिने. आठ महिन्यांपासून त्या टोकाला कुणी नव्हतंच, आणि हा गडी इकडे एकटाच डाव मांडून बसला होता. कसाबसा म्हणाला, "ते मरू दे. मी एक्केचाळीस देतो. पन्नास देतो. माझा जुना नंबर तेवढा परत दे."

शॅनननं पडद्यावर बघितलं, आणि बघता बघता तिचा चेहरा उतरला. "नाही मिळायचा. करार असेपर्यंत कोड घेतला असता तर झालं असतं. आता तो कंपनीत जमा झालाय, उघडताच येत नाही. आणि इथं लिहिलंय..." ती अडखळली. "'ग्राहकास नंबर नको आहे. कंपनीने ठेवावा असे सांगितले.' असं म्हणाला होतात तुम्ही?"

म्हणाला होता. लोणचं घाला, असंही म्हणाला होता. ते तेवढं कॉनरनं लिहिलं नव्हतं.

डेरेकनं टपरीवरून दहा पौंडांचं सिमकार्ड घेतलं. नवा नंबर, नवा रबरी शिक्का. तेहतीस पाखरांचे पंख एकेक करून उघडायला दोन दिवस लागले. ट्रेव्हर पाखरू धरायचा, डेरेक शिक्का मारायचा. ट्रेव्हरनं एकदा विचारलं, "मग, किती उतरवलेस या खेपेला?" डेरेकनं शिक्का शाईत बुडवला आणि पुढचं पाखरू धरायची खूण केली. ट्रेव्हरनं पुन्हा विचारलं नाही. कबुतरांच्या संघटनेलाही त्यानं नवा नंबर पत्रानं कळवला. प्रत्येक पाखराच्या पायातल्या कडीवर एक आकडा असतो, त्यावरून संघटनेला मालक सापडतो. पण त्यांच्याकडेही आजवर हाच जुना नंबर होता.

नऊ जुलैला, बुधवारी, संघटनेचं पत्र आलं. तुमच्या पत्राआधीच एक निरोप आला होता, तुमचा फोन लागला नाही म्हणून टपालानं कळवतो आहोत, असं त्यात होतं. निळसर मादी, केंटमध्ये फॅव्हरशॅमजवळ सापडली. सौ. पेनफोल्ड. खाली त्यांचा नंबर.

"ग्लेनिस!" डेरेक असा ओरडला की ती जिन्यावरून धावत उतरली. "सापडली! जिवंत आहे! सापडली गं!" त्यानं एका हातानं गाडीची किल्ली घेतली आणि दुसऱ्या हातानं घरच्या फोनवर नंबर फिरवला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती.

"मिसेस पेनफोल्ड? मी डेरेक हेप्वर्थ, बार्न्सलीहून. कबुतरवाला."

"अगं बाई! म्हणजे तुम्ही आहात?" पलीकडून एक म्हातारा, आनंदी आवाज आला. "रागावू नका हं, आम्हाला वाटलं तुम्ही वारलात! पंखावरचा नंबर लावला की फोनमधली ती बाई म्हणायची, असा नंबरच नाही. दहा दिवस लावला हो, सकाळ-संध्याकाळ. आमचे हे म्हणाले, म्हातारा माणूस असेल, गेला असेल बिचारा."

"नाही, नाही, आहे मी!" डेरेक हसत सुटला. "कधी सापडली?"

"तेवीसला. सोमवारी दुपारी. सशाच्या पिंजऱ्यात ठेवली होती."

सोमवारी दुपारी. त्याचा फोन त्या सकाळी बंद पडला होता. डेरेकनं तो विचार बाजूला ढकलला. "तुमचे उपकार कसे फेडू! निघतोच मी. चार तासांत पोचतो तुमच्याकडे."

"पण मिस्टर हेप्वर्थ," बाई हळू म्हणाली, "तिला आम्ही सोडलं की. गेल्या गुरुवारी. संघटनेकडूनही काही कळेना. मालक नाही म्हटल्यावर कोंडून किती दिवस ठेवायची? सारखी जाळीला डोकं लावून बसायची. डावा पंख जरा खाली पडायचा, पण खायची छान. छपरावर बसली, एक चक्कर मारली आणि सरळ उत्तरेला गेली. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या."

फॅव्हरशॅमहून बार्न्सली पावणेदोनशे मैल. धडधाकट डॉलीला चार तास लागले असते. गुरुवारी संध्याकाळच्या चहाला ती दारात असती. आज सहावा दिवस होता. पंख पडलेलं पाखरू सहा दिवस कुठं असतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"मिस्टर हेप्वर्थ? ती... आली नाही का घरी?"

"नाही," डेरेक म्हणाला.

बाई रडायला लागली. "माझंच चुकलं. आणखी थोडं थांबायला हवं होतं हो मी!"

"नाही, नाही, बाई. तुमचं काही चुकलं नाही." डेरेक म्हणाला. "तुम्ही तर फोन लावत होतात."

"मग तुमचा फोन असा बंद कसा हो? काय झालं होतं?"

ग्लेनिस जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. तिच्याकडे न बघता डेरेकनं सांगून टाकलं.

"मीच बंद करा म्हणालो होतो. मला वाटलं, थांबा म्हणतील."

बाईला ते काही कळलं नसावं. ती एवढंच म्हणाली की पाखरू पुन्हा दिसलं तर कळवते, नवा नंबर द्या. डेरेकला तो पाठ नव्हता. त्यानं खिसे चाचपले आणि ग्लेनिसकडे वळून पाहिलं. ती उठली, त्याच्या हातातली गाडीची किल्ली काढून खुंटीला लावली, फोन आपल्या हातात घेतला आणि बाईला एकेक आकडा सावकाश सांगू लागली.