ग्राह्य धरू नये

जितेशने नव्या पुस्तकाचं पहिलं पान पुन्हा मोठ्याने वाचलं, कारण पहिल्या खेपेला कुणाचा विश्वासच बसला नव्हता.

‘कप्तान मार्तंडच्या यापूर्वीच्या कथा यापुढे ग्राह्य धरू नयेत. कप्तानाची खरी गोष्ट या पुस्तकापासून सुरू होत आहे. – प्रकाशक.’

विरारच्या चंदनसार भागात दिवाकरचा छोटा फ्लॅट होता. तो वालीवच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. रविवारी सकाळी त्याच्याकडे मार्तंडचे वाचक जमायचे. बँकेतला जितेश यायचा, आणि निवृत्त शिक्षिका क्लेमेंटीन टीचर चर्चमधली मिस्सा आटोपून वसईहून यायच्या. लेखक वारल्यापासून मालिका बंद पडली होती. आज नवं पुस्तक हाती आलं म्हणून दिवाकरच्या बायकोने, हेमांगीने, सकाळीच शिरा करून ठेवला होता.

“ग्राह्य नाही म्हणजे काय रे?” टीचरनी विचारलं.

“म्हणजे घडलंच नाही, टीचर. दीपगृह नाही, चाच्यांचं बेट नाही. कप्तान आता पंचविशीचा, पहिल्यांदाच बोटीवर चढतोय.” जितेशने पुस्तक टीपॉयवर आपटलं. “साला, आपण काय येडे होतो इतकी वर्षं?”

“असं कसं करतील? छापलेलं आहे ते. मी वर्गात वाचून दाखवलंय मुलांना.”

“प्रकाशक मालक आहेत. त्यांनी ठरवलं, संपलं.”

दिवाकरने पुस्तक उचललं, ते पान पाहिलं, मग मागचं कव्हर पाहिलं, जणू चूक तिकडे कुठेतरी सापडेल.

हेमांगी चहा घेऊन बाहेर आली.

“मग नीरजा?” तिने विचारलं.

“कप्तानाची मुलगी? ती पण गेली, वहिनी. लग्नच नाही झालं त्याचं, तर मुलगी कुठून?”

“गेली नाही, वारली ती. तापाने. त्याने तिला बेटावर पुरलं आणि दोन दिवस बोट हलवली नाही.”

“तेच सांगतोय ना. आता असं धरायचं, की नव्हतीच.”

“नव्हती कशी?”

हेमांगीच्या हातातला ट्रे कलला. कपातला चहा बश्यांत सांडला, तरी तिचं लक्ष नव्हतं. जितेश तिला आणखी समजावून सांगायला पुढे झाला. दिवाकर उठला आणि त्याने तिच्या हातातून ट्रे काढून घेतला.

नीरजाच्या मरणाची ती गोष्ट आली त्या वर्षी दिवाकरनेच ते पुस्तक हेमांगीच्या उशाशी ठेवलं होतं. तेव्हा ती दोघं परळला राहत होती. एकमेकांशी ती जेवणापुरतीच बोलत. तिने ते वाचून काढलं, मग त्याने पुन्हा वाचलं, आणि त्यानंतर कधीतरी दोघं कप्तानाबद्दल बोलू लागली. बेटावरून निघताना तो मागे वळून का पाहत नाही, यावर तर कितीदा बोलली. पुढे विरारला घर घेतलं. इथे कुणाला काही ठाऊक नव्हतं.

“होती,” दिवाकर म्हणाला.

“दादा, तुम्हाला वाईट वाटतंय ते कळतंय मला, पण ऑफिशियली...”

“आमची होती.” ट्रे अजून त्याच्याच हातात होता. “दीड महिन्याची होऊन गेली. आर्या नाव ठेवलं होतं.”

हेमांगीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. हॉस्पिटलमधून परतल्यापासून ते नाव त्याच्या तोंडून तिने ऐकलं नव्हतं.

टीचरनी छातीवर क्रुसाची खूण केली. मग पदर सावरून त्या दिवाणावर थोड्या सरकल्या.

“हेमांगी, इकडे बस,” त्या म्हणाल्या. “कोणासारखी होती गं?”

हेमांगी बसली. हात कुठे ठेवावेत हे तिला सुचेना.

“ह्यांच्यासारखी,” ती शेवटी म्हणाली. “कान तर अगदी ह्यांचे.”

दिवाकरने ट्रे खाली ठेवला, आणि त्याचा हात नकळत कानाकडे गेला.