रुखवतातले रुमाल आणि निळ्या दिव्याचा डबा

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे आणि सध्या माझा नुसता जळफळाट होतोय! परभणीच्या एका रेडिओवाल्याने सुटे भाग जोडून मला बनवलं, सोबत दोन लाकडी स्पीकर दिले आणि महारुद्रभाऊंनी आपल्या लग्नाच्या वर्षी मला पाथरीला आणलं. मग काय विचारता! मी गायला लागलो की अख्खी गल्ली ओट्यावर येऊन बसायची. पुढे मोबाईल आले आणि मी कपाटावर धूळ खात पडलो.

या दिवाळीत त्यांची लेक राजेश्री एक काळा डबा घेऊन आली. तळहाताएवढा! इंटरनेटवरून गाणी आणतो म्हणे, तीही बारीकसारीक आवाज न गाळता. "पप्पा, याला हाय-रेझोल्यूशन म्हणतात," असं म्हणत तिनं त्याला वायफाय जोडलं, मोबाईलमध्ये सगळ्यात वरची क्वालिटी निवडली आणि त्याची वायर माझ्या पाठीत खुपसली. म्हणजे बघा, डब्याला स्वतःचा गळाच नाही! राबणार मी आणि निळा दिवा लावून मिरवणार तो.

राजेश्रीच्या आईनं, केशरबाईंनी, हळदकुंकू वाहिलं तेही त्यालाच. शिवाय नव्या वस्तूचा मान म्हणून आपल्या रुखवतातले जाड भरतकामाचे रुमाल काढून दोन्ही स्पीकरांना घातले. मला एक चिंधीसुद्धा नाही!

गाणं लागलं. गोधडीत तोंड खुपसून कुणी गावं, तसं! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता होणार डब्याची फजिती! पण महारुद्रभाऊ म्हणाले, "राजू, डबा तर नवा हाय. हे मशीनच म्हातारं झालंय. भंगारवाला आलाय गल्लीत, देऊन टाकू."

"थांबा ना पप्पा, बघू तर द्या!"

"आता काय बघायलीस? आवाज ऐकू येत न्हाई का?"

भंगारवाल्याची हाक दारापर्यंत आली. केशरबाईंना मात्र गलबलून आलं. "आपल्या लग्नातलं हाय ते. असं उघडं न्हाई जाऊ द्यायची मी," म्हणत त्यांनी मला गुंडाळायला स्पीकरांवरचे रुमाल ओढले. गाणं चालूच होतं.

आणि काय सांगू! गाणारीनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. तबल्यावर घासलेलं बोट ऐकू आलं.

"आई! तुझ्या रुमालांनी तोंड दाबलं होतं स्पीकरांचं!" राजेश्री हसत सुटली.

"अगं बाई! मी तर मान म्हणून घातले."

भाऊंनी दारातून हात हलवला. "जा बाबा पुढं. आमचं मशीन धडधाकट हाय." मग आत वळून म्हणाले, "पण काय डबा हाय, राजू!"

पुन्हा डबाच!

केशरबाई एक रुमाल माझ्यावर घालायला आल्या. राजेश्री ओरडली, "नको गं, तापतं ते!" मग त्यांनी त्याची घडी करून ती माझ्याखाली अंथरली.

म्हणून सांगतो मित्रांनो, असा डबा घरी आणलात तर जुन्या स्पीकरांचं तोंड मोकळं ठेवा, आमच्यावरची धूळ पुसा आणि भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा नीट कान द्या.

डबा ना? तो अजून उघड्या फळीवरच बसलाय. मी रुमालावर.