डाव्या दाराचं म्हणणं

ऐकू येतंय ना? बरं. आजवर मी पुष्कळ बोललो, पण सगळं दुसऱ्यांचं. गाणी दुसऱ्यांची, बातम्या दुसऱ्यांच्या, साबणाच्या जाहिराती दुसऱ्यांच्या. आज पहिल्यांदाच स्वतःचं सांगतोय, तेव्हा मध्येच कुणी आवाज कमी करू नका. एका जुन्या निळ्या गाडीच्या डाव्या दारात राहणारा मी स्पीकर.

जन्म कारखान्यातला. मागे जाडजूड लोहचुंबक, मध्ये तारेचं वेटोळं, पुढे काळा पडदा आणि त्याला रबराची कड. तारेतून करंट आला की पडदा पुढेमागे हलतो, हवा ढकलतो, आणि त्या ढकललेल्या हवेला लोक गाणं म्हणतात. एवढंच आमचं शास्त्र. माझ्याच साच्यातून माझा जुळा भाऊ बाहेर पडला. तपासणाऱ्या बाईंनी आम्हाला ढोल वाजवायला लावला, समाधानाने मान डोलावली आणि तोंडाला तोंड लावून एका खोक्यात बंद केलं. तेव्हा आमचं छान जमायचं. पुढे जे झालं त्यात माझा काडीचाही दोष नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

दुकानात आम्ही बरेच दिवस धूळ खात पडलो होतो. एके दिवशी हातात भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "गाडीतल्या गाण्याला बेस पाहिजे. कंपनीचे स्पीकर काढून दुसरे लावायचेत."

"कुठल्या प्रकारची गाणी ऐकता, काकू?" दुकानदाराने विचारलं.

"मी कुठलीच ऐकत नाही. मला घरात शांतता हवीय, म्हणून स्पीकर हवेत."

दुकानदार चक्रावला. मग बाईंनी सगळं सांगितलं. त्यांचे यजमान वजनकाटे दुरुस्त करतात. लोखंडी, स्प्रिंगचे, दगडी वजनाइतके जुने. मुलाने दुकान पुढे चालवायचं, हे त्यांनी मनात पक्कं केलेलं. आणि मुलाने नोकरी धरली ती दुसऱ्या शहरात, इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीत! त्या दिवसापासून बापलेकांत बोलणं बंद. बापाने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि बायकोला म्हटलं, "त्याला सांग, गाडी घेऊन जा." मुलगा समोरच बसला होता. तो आईला म्हणाला, "बाबांना सांग, थँक्यू."

"येत्या रविवारी तो निघणार," बाई म्हणाल्या. "असाच न बोलता गेला तर मला घास जाणार नाही. म्हटलं, दोघांच्या हाताला एक काम द्यावं. निदान 'पाना दे' एवढं तरी बोलावं लागेल की नाही?"

"मग इथेच बसवून देऊ का?"

"अजिबात नको! तुम्ही बसवून दिलेत तर मी घ्यायचे कशाला?"

दुकानदार हसला. "बेस असा येईल काकू, पाठीला जाणवेल."

"माझ्या पाठीला आहे तेवढं पुरे आहे. पण बांधून द्या."

असे आम्ही त्या घरी आलो. आईने (आता मीही तिला आईच म्हणतो) खोकं गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि दोघांना हाक मारली. "दोघांनी मिळून बसवायचं," ती म्हणाली.

बाबांनी खोक्याकडे बघितलं. "त्याला सांग, डावं दार मी करतो."

मुलाने पेचकस उचलला. "बाबांना सांग, मग उजवं मी करतो."

झालं! आईचा बेत दोन वाक्यांत आडवा. बिचारी चहाचे कप घेऊन एकदा या दाराशी, एकदा त्या दाराशी उभी राहायची.

मी बाबांच्या वाट्याला आलो. माणूस नाकावर माशी बसू न देणारा, पण हात काय सुरेख! त्यांनी मला तळहातावर घेतलं, जरा वरखाली केलं आणि किती ग्रॅमचा आहे ते मोठ्याने सांगितलं. कुणीही विचारलं नव्हतं. मग दाराचं आतलं आवरण काढलं, कंपनीचा जुना स्पीकर सोडवला आणि पायरीवर अलगद ठेवला.

दारातून दोन वायरी बाहेर येतात. एक साधी, एक पट्टेवाली. आमच्या पाठीवरही दोन टोकं असतात, प्लस आणि मायनस. बाबा स्वतःशीच म्हणाले, "पट्टा ओढलाय म्हणजे हीच महत्त्वाची. हीच प्लस." आणि पट्टेवाली प्लसला जोडली. पलीकडच्या दारात मुलगा पुटपुटत होता, "पट्टेवाली म्हणजे मायनस. ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा हेच शिकवलं." आणि त्याने ती मायनसला जोडली. दोघांच्या मध्ये दोन सीट आणि एक गियर, बस्स. पण विचारायचं कुणी? विचारलं तर बोलणं सुरू झालं असतं ना!

गाणं लागलं. आई मागच्या सीटवर जाऊन बसली, पाठीला काय जाणवतं ते बघायला. ढोल सुरू झाला आणि गाडीत आवाज आला, "टक्."

काडेपेटीवर बोट आपटावं तसा टक्. मी तर जीव तोडून हवा पुढे ढकलत होतो. पण मी पुढे ढकलली की तिकडे माझा भाऊ मागे ओढायचा, आणि मी मागे झालो की तो पुढे. मी भरायचं आणि त्याने सांडायचं! बारीक आवाज कसेबसे निसटायचे, पण ढोल जागच्या जागी गडप. पायरीवर काढून ठेवलेले कंपनीचे जुने स्पीकर आमच्यापेक्षा बरे वाजायचे हो. केवढी नाचक्की!

"त्याला सांग, उजवीकडून काही येत नाहीये," बाबा म्हणाले.

"बाबांना सांग, डावीकडून येत नाहीये."

"मला मागे कुठूनच काही येत नाहीये," आई म्हणाली.

तिकडे आमचीही जुंपली होती. भाऊ म्हणाला, तू उलटा जातोस. मी म्हटलं, उलटा तू, तुझा खानदानी स्वभावच तो. खानदान एकच, हे रागाच्या भरात लक्षात आलं नाही. ज्याने बसवलं त्याचा स्वभाव चिकटतो तो असा.

मग उपाय सुरू झाले. बाबांनी माझ्या दारात आतून जाड डांबरी पत्रे चिकटवले, म्हणजे दार थरथरणार नाही. मुलाने बेसचं बटण शेवटपर्यंत पिळलं. त्याने बेस आला नाही, पण समोरचा कप्पा आपोआप उघडून त्यातल्या गोळ्या आईच्या चपलेवर पडल्या. शेजारच्या वहिनी धावत विचारायला आल्या, "गाडीत कुणी अडकलंय का हो? आतून कुणीतरी टकटक करतंय."

मुलगा म्हणाला, डिकीत मोठा सबवूफरचा, म्हणजे नुसत्या बेसचा, डबा बसवतो. बाबा म्हणाले, "त्याला सांग, डबा ठेवल्यावर सामान काय डोक्यावरून नेणार? आणि हेही सांग की जुनं काढायची घाई केली की असंच होतं."

"बाबांना सांग, जुनं वाईट होतं असं मी कधीच म्हटलेलं नाही."

आता ते स्पीकरबद्दल बोलत नव्हते, हे मला दारातसुद्धा कळलं. आईला तर केव्हाच कळलं होतं. ज्या वस्तूने दोघांना बोलतं करायचं, तिनेच भांडायला नवं निमित्त दिलं होतं, आणि रविवार दोन दिवसांवर आला होता.

त्या दुपारी बाबा दाढ दाखवायला दवाखान्यात गेले आणि आई गाडीत वाट बघत बसली. वेळ जाईना म्हणून तिने गाणं लावलं. आवाज कमी करायला गेली आणि भलतंच काहीतरी फिरवलं. आवाज एकट्या उजव्या दारातून यायला लागला. ढोल चांगला घुमला! ती दचकली. तिने उलटं फिरवलं. आता मी एकटा. काय सांगू, मीही घुमलो! मध्ये आणलं, की परत टक्.

तिने तडक दुकानदाराला फोन लावला. "एकटा एकटा वाजतो चांगला. दोघे मिळून वाजले की सगळं मुसळ केरात. असं का?"

संध्याकाळी तिने दोघांना गाडीपाशी उभं केलं. बाबांचा अर्धा गाल अजून बधिर होता.

"एकाच्या वायरी उलट्या आहेत," ती म्हणाली.

"कुणाच्या?" दोघेही एकदम.

"ते मी विचारलं नाही. दुकानदार म्हणाला, कुणीही एकाने बदलली तरी चालेल. दोघांनी एकसारखी चूक केली असती तरी बेस दणदणीत आला असता." तिने पदराने हात पुसले. "मी आता कुणाचं कुणाला काही सांगणार नाही. रविवारी हा निघायच्या आधी मला मागच्या सीटवर बसून ते गाणं ऐकायचंय. एवढं करा माझ्यासाठी."

शनिवारी सकाळी बाबा एकटेच आले. माझ्या दाराचं आवरण काढलं, वायरी पुढे ओढल्या. मग दोन्ही काढून अदलाबदल केली. "जाऊ दे," ते म्हणाले. "त्याचंच बरोबर. नव्या गावाला जाणाऱ्या पोराने आपण चुकलो असं मनात घेऊन जाऊ नये." मला गहिवरून आलं. मी मनात म्हटलं, आता वाजव म्हणावं ढोल!

आणि दुपारी उजवं दार उघडलं. मुलगा! हातात पेचकस.

"बाबांनी उभ्या जन्मात काटा चुकीचा लावला नाही," तो स्वतःशी म्हणाला, "वायर कशाला चुकीची लावतील?" आणि लागला की बदलायला!

अरे थांब! अरे बाबा, थांब! माझा भाऊ कळवळून म्हणाला, "ओरड ना, तू ओरड!" मी म्हटलं, "कशाने ओरडू? गाणं लागल्याशिवाय तोंड आहे का आपल्याला?" आम्हा भावांचं इतक्या दिवसांत पहिल्यांदा एकमत झालं होतं आणि ते सांगायची काही सोय नव्हती. मुलाने शेवटचा स्क्रू पिळला आणि शीळ घालत निघून गेला.

रविवार उजाडला. डिकी भरली, मागच्या सीटवर उशी, पाण्याच्या बाटल्या आणि त्यांच्यामध्ये गाणं ऐकायला बसलेली आई. मुलगा गाडी चालवायच्या जागेवर. बाबा माझ्या बाजूला येऊन बसले, चेहऱ्यावर काहीच न केल्याचा भाव. मुलाच्या चेहऱ्यावरही तोच. गाणं लागलं.

टक्.

आईने उशी बाजूला सारली. तिने हळूच दार उघडलं आणि एक पाय खाली टाकला. "एवढंच मागितलं होतं," ती म्हणाली. "एकानेही वाकू नये ना?"

"अगं, मी बदलली की!" बाबा ओरडले. "काल सकाळीच बदलली!"

मुलगा गर्रकन त्यांच्याकडे वळला. "काय? बाबा, मी काल दुपारी बदलली!"

"तू? तू कशाला बदललीस?"

"तुम्ही कशाला बदललीत?"

आई दार धरून तशीच थांबली. मध्ये कुणीही 'सांग' म्हटलं नव्हतं. आणि मग बाबा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग ते असे गडगडून हसले की माझ्या दाराचं आवरण थरथरलं. मुलाने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि तोही हसत सुटला. डोळे पुसत होता, पण ते हसूनच ओले झाले होते की कसे, मला सांगता येणार नाही.

"बस तू, मी परत उलटी करतो," बाबा दार उघडत म्हणाले.

"तुम्ही बसा, मी करतो," मुलानेही आपलं दार उघडलं.

"खबरदार!" आई किंचाळली. "दोघेही एकाच दाराला बसा!"

दोघे माझ्यापाशी येऊन उकिडवे बसले. मुलाने आवरण काढलं, बाबांनी उजेडासाठी बॅटरी धरली. बॅटरी धरता धरता बाबांनी विचारलं, "तुझ्या त्या काट्यात स्प्रिंग नसते म्हणे?"

"नसते."

"मग भार घेतं कोण?"

"आत एक धातूची पट्टी असते. वजन पडलं की ती वाकते. डोळ्याला दिसणार नाही इतकीच वाकते, पण त्यावरूनच वजन कळतं."

"वाकते?"

"अगदी थोडी, बाबा."

बाबांनी बॅटरी जरा जवळ आणली. मग म्हणाले, "मग चांगला आहे काटा. पुढच्या वेळी येशील तेव्हा एक आण, उघडून बघू."

गाणं लागलं. मी पुढे, भाऊही पुढे. मी मागे, भाऊही मागे. पहिला ढोल पडला आणि मागून आई ओरडली, "अगं बाई! पाठ!" आवाज कमी कर, असं मात्र ती म्हणाली नाही. सकाळी निघायचं म्हणून भरलेली गाडी दुपारच्या जेवणानंतर निघाली.

आता मी मोठ्या शहरात असतो. धूळ फार. पावसात दारात पाणी शिरतं, माझी रबराची कड थोडी उकललीय. दार आपटू नका, एवढी विनंती करतो, पण कोण ऐकतंय! तुमच्या गाडीत कधी बेस हरवला तर मोठा डबा आणायला धावू नका. आधी दोन्ही दारं उघडून बघा. आणि बदलायचं ठरवलंत तर बदला, पण एकमेकांना सांगून बदला.

थांबा, फोन वाजतोय. फोनसुद्धा आमच्यातूनच ऐकू येतो. आईचा आहे. "जेवलास का रे? बाबा विचारतायत की..." आणि मागून आवाज, "अगं, तू दे इकडे. मी बोलतो त्याच्याशी."

बरंय मंडळी, निघतो. बाबा बोलतायत.