बाबा आणि पायथ्याची ओल

"वहिनी, आधीच सांगून ठेवते. बाबांना मातीपासून लांब ठेव," नणंदेनं फोनवर बजावलं होतं. सासरे निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आले, त्याच आठवड्यात. "माती दिसली की त्यांचा हात शिवशिवतो. आमच्या सोसायटीत बांधकामाची वाळू पडली होती, तर तिच्यात टोमॅटो लावून मोकळे झाले."

मी हसून सोडून दिलं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. इथे माती यायची ती लेकीच्या चपलांना चिकटून. शिवाय काळजीसाठी माझ्याकडे विषयांची टंचाई नव्हती. लेक नुकती चालायला लागलेली, दिसेल ते तोंडात घालणारी. भिंतीतली प्लगची भोकं, गॅलरीचे गज, टेबलाचे कोपरे, द्राक्षं. द्राक्षाचे मी चार तुकडे करते आणि नवरा म्हणतो, "आता सालही काढ, नाहीतर बिचारी घसरेल." या सगळ्यात सासऱ्यांना कुठे बसवू?

एक गोष्ट मात्र ध्यानातच आली नाही. आमच्या घरामागे धरण आहे, आणि ते मातीचं आहे.

मातीचं म्हणजे खरोखर मातीचंच. लांबच लांब बांध, पाण्याच्या अंगाला दगड, आमच्या अंगाला गवत. सगळ्या गावाच्या नळांना पाणी तिथलं. माथ्यावरच्या वाटेवर सकाळी म्हातारी मंडळी फेऱ्या मारतात, संध्याकाळी तळ्यात पायडलच्या बोटी फिरतात, आणि एका कोपऱ्यात दोर बांधून पोहण्याचे शिक्षक मुलांना हातपाय मारायला शिकवतात. त्यांना सगळे शिट्टीमास्तर म्हणतात, कारण ते मुलांशीच काय, बायकोशीही शिट्टीनं बोलतात असा प्रवाद आहे.

बाबा त्या सकाळच्या कंपूत असे रुळले, की महिन्याभरात त्यांचे पुढारीच झाले. बांधावर कुणी खिळा ठोकला तरी यांचा आवाज चढायचा. एकदा एका बकरीवाल्याच्या शेळ्या उतारावर चढल्या, तर बाबांनी भर सकाळी त्याला झापलं, "अरे, धरण आहे हे! तुझ्या बापाचं कुरण नाही! शेळीच्या खुरानं एक भेग पडली तर खालचं गाव वाहून जाईल!" खालच्या गावात आमचं घर पहिलं. मला त्यांचा भारी अभिमान वाटला.

मग एके दिवशी, कपडे वाळत घालताना, मला ती ओल दिसली.

उतार सगळा वाळून पिवळा पडलेला आणि पायथ्याजवळ परातीएवढा एक हिरवा गोल. दोन दिवसांत तो अंथरुणाएवढा झाला. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "गवत आहे. गवत हिरवं असतं." पण मी कॉलेजात विज्ञान शिकले आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मी आई आहे. मी धरणाच्या ऑफिसात फोन केला.

तिथली इंजिनियर आली. माझ्याच वयाची, गुडघ्यापर्यंत बूट. तिनं ओलीतलं पाणी काचेच्या ग्लासात घेतलं, उन्हात धरलं.

"नितळ आहे, हे चांगलं," ती म्हणाली. "मातीचं धरण थोडं पाझरतंच. घाम येतो म्हणा ना. गढूळ आलं, म्हणजे पोटातली माती वाहून चालली, तर मग मात्र पळायचं. पण ताई, ही ओल नवी आहे, आणि नको त्या जागी आहे. कुठून येते ते कळलं नाही, तर मला जोखीम घेता येणार नाही. परवा सकाळी दरवाजा उघडून तळं निम्मं खाली करावं लागेल."

"आणि परत भरणार कधी?"

"पुढच्या पावसात."

बातमी वाऱ्यासारखी पसरली. आता नळाला पाणी चार दिवसांआड येणार. बोटी बंद, पोहणं बंद. जिन्यात माझ्याशी कुणी धड बोलेना. तळमजल्यावरच्या मावशी एवढंच म्हणाल्या, "शिकलेल्या सुना, बाई! पाण्याला सुद्धा नजर लावतात." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि बाबा गप्प झाले.

हे फार भयंकर होतं. जो माणूस बातम्या सांगणाऱ्या बाईच्या चुका काढतो, तो ताटात बघून जेवत होता. मला वाटलं, धरणाचं दुःख. त्यांना आवडते म्हणून मी काकडी चिरून दिली. त्यांनी ती बाजूला सारली. रोज फिरून येताना बाजारातून काकड्या आणणारा माणूस!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लेकीला कडेवर घेऊन पायथ्याशी गेले. इंजिनियरनं ओलीभोवती लाल झेंड्या रोवल्या होत्या. लेकीनं झेंड्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. ती वर उतारावरच्या एका झुडपाकडे हात करून किंचाळली, "आबा! काक्की!"

आणि मग माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ."

मी झुडूप बाजूला केलं. आत काकडीचे वेल. आळी केलेली, खत घातलेलं, काठ्यांचा मांडव. मुळाशी एक रबरी नळी, तोंडाला चिंधी बांधून थेंब थेंब सोडलेली. नळीचा माग काढत मी माथ्यावर गेले. ती बाकाखालून, वाटेत खणलेल्या चरातून, वरून माती लोटून, थेट तळ्यात उतरली होती. त्याच बाकावर बसून सगळा कंपू रोज धरणाच्या सुरक्षेवर बोलायचा.

घरी आले तेव्हा बाबा खिडकीशी बसले होते.

"बाबा, काकड्या कुठल्या बाजारातून आणता?"

"आपल्या... नेहमीच्याच."

"त्या बाजारात मांडव कधी घातलात?"

त्यांनी खिडकीचा पडदा नीट केला. मग म्हणाले, "सूनबाई, दोनच वेल होते गं."

"सहा आहेत."

"बाकीचे आपोआप आले." मग एकदम हळू आवाजात, "संध्याकाळी जाऊन मी नळी काढतो. ओल आपोआप वाळेल. कुणाला कळायचं नाही."

"वाळायला आठवडा लागेल. आणि दरवाजा उद्या सकाळी उघडणार. निम्मं तळं वाहून जाईल, बाबा. तुमच्या काकड्यांपायी."

"मग तूच सांग जाऊन. तुला फोन करायची सवय आहेच."

हा टोला मला लागला.

"त्या बकरीवाल्याला मी काय काय बोललो, तू सगळं ऐकलं नाहीस," ते म्हणाले. "आता त्या मंडळींत कुठल्या तोंडानं बसू? ऑफिस सुटलं, गाव सुटलं. माझ्याशी बोलायला आहे कोण? तुम्ही दोघं कामात. ही," लेकीकडे बघून, "हिला चारच शब्द येतात."

"त्यातला एक 'काकडी' आहे," मी म्हणाले. ते हसले नाहीत. मी म्हणाले, "मी सांगणार नाही. पण सकाळी मी तिथे असेन."

सकाळी निम्मं गाव बांधावर. शिट्टीमास्तर पोरांच्या घोळक्यासह सुतकी चेहऱ्यानं उभे. बकरीवालाही शेळ्या खाली बांधून आलेला. लेक नवऱ्याच्या खांद्यावर. तिचं तोंड धरून ठेवायला मी त्याला सांगितलं होतं, कारण न सांगता. इंजिनियरनं दरवाज्याच्या चाकावर हात ठेवला.

"मॅडम," बाबा पुढे झाले. "पाणी नितळ आहे."

"माहीत आहे, काका. प्रश्न आहे येतं कुठून."

बाबांनी गर्दीतला बकरीवाला हेरला. मग वळून म्हणाले, "मी या बकरीवाल्याची माफी मागतो."

"माझी?" बकरीवाला दचकला. "का? शेळीनं केलं का हे?"

"आजोबा, बाजूला व्हा, उगाच मध्ये मध्ये..." शिट्टीमास्तर म्हणाले.

बाबांनी पुढे बोलायचा नाद सोडला. ते तरातरा उतार उतरले, इंजिनियर त्यांच्यामागे. झुडपात हात घालून त्यांनी नळी ओढली. चिंधी सुटली. नळीनं सापासारखा फणा काढला आणि तळ्याचं पाणी थेट इंजिनियरच्या तोंडावर.

मग "आबा! काक्की!" आणि माझ्या नवऱ्याचा "अगं चावतेस काय!" दोन्ही एकदम ऐकू आलं.

गाव हसलं. असं हसलं, की शिट्टीमास्तरांची शिट्टी तोंडातून पडली. बकरीवाल्यानं एक काकडी तोडून चावली आणि जाहीर केलं, "कुरण नसेल, पण मळा झकास आहे हो!"

इंजिनियर मात्र हसली नाही. तिनं तोंड पुसलं, चाकाला कुलूप घातलं आणि वेल मुळासकट काढायला लावले. वाटेतला चर चिकणमाती भरून, धुम्मसानं ठोकून बुजवायला लावला. "पण ओल या नळीचीच होती हे अजून सिद्ध झालेलं नाही," ती बाबांना म्हणाली. "पूर्ण वाळली तरच खरं. नाही वाळली, तर तळं खाली करावंच लागेल. रोज सकाळी इथे बसायचं, ग्लासात पाणी धरून बघायचं, मला कळवायचं. तुम्हीच."

तेव्हापासून बाबा पायथ्याशी घडीची खुर्ची टाकून बसतात. ओल आक्रसत आक्रसत परातीएवढी झाली आहे. नळाला पाणी रोज येतं, बोटी चालू आहेत. वरून फेऱ्या मारणारा कंपू "काय काकडीशेठ!" म्हणून हात करतो आणि पुढे जातो. खाली कुणी उतरत नाही. घरी येऊन बाबा सांगतात, "आज बऱ्याच गप्पा झाल्या." कुणाशी, ते सांगत नाहीत. लेकीला गोवर निघाल्यानं मी आठवडाभर घरात अडकले आहे, आणि गॅलरीतून मला दिसते ती एकच खुर्ची.

तुम्ही कधी त्या बाजूला फिरायला गेलात, तर माथ्यावरून परत फिरू नका. पायऱ्या उतरून खाली जा. टोपी घातलेले एक आजोबा असतील, हातात ग्लास. ओलीचं राहू द्या, ती बघायला इंजिनियर आहे. त्यांच्या शेजारी कुणी आहे का तेवढं बघा. नसेल तर दोन मिनिटं बसा, आणि मला येऊन खरं काय ते सांगा.